दूत परत निघतो तेव्हा

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ धृतराष्ट्राच्या प्रश्नाने होतो आणि समाप्ती संजयाच्या उत्तराने. नित्यपाठ करणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक आहे. परंतु ज्यास हा प्रश्न विचारला गेला तो संजय, युद्धापूर्वी थोडेच दिवस, धृतराष्ट्राचा दूत म्हणून पांडवांकडे जाऊन परत आलेला होता. आणि ज्यांची वाणी तो ऐकवीत आहे ते भगवान श्रीकृष्ण पांडवांचे दूत म्हणून हस्तिनापुरास जाऊन परत आलेले होते, ही गोष्ट पाठ करताना सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. गीता सांगणारे आणि गीता ऐकविणारा, दोघेही परत आलेले दूत होत. दोघांचीही शिष्टाई व्यवहाराच्या दृष्टीने निष्फळ ठरली होती. बोलणी संपली, रथ माघारी वळले, आणि त्यानंतर कुरुक्षेत्रावर गीता प्रकट झाली. म्हणून दूताचे प्रस्थान हा गीतेच्या उंबरठ्यावरचाच विषय आहे. या लेखात त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा विचार करण्यास निमित्तही तसेच घडले. जयपूर येथे सीकर मार्गावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील एका मराठी गृहस्थांच्या कारखान्याच्या माडीवर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काही मंडळी गीतापाठासाठी जमतात. गेल्या खेपेस जयपुरास गेलो असता मीही त्यांच्यात बसलो होतो. पाठ संपल्यावर साठी उलटलेले एक सज्जन थोडे पुढे सरकले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, एक घरचा प्रश्न आहे, विचारू का?" त्यांचे थोरले बंधू काही वर्षांपूर्वी निवर्तले. बंधूंच्या दोन मुलांचा याच भागात एकत्र कारखाना. वाटणीवरून दोघांत बिनसले. आठ महिने हे काका एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेत होते. शेवटी एके दिवशी थोरल्या पुतण्याने कामगारांदेखत म्हटले, "काका, तुम्ही धाकट्याचे वकील होऊन आला आहात, काका म्हणून नव्हे." काका उठले आणि घरी आले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. त्यांचा प्रश्न असा: "मी उठून आलो हे चुकले का? आणि उठल्यावर माझे काम संपले, की काही उरले आहे?"

मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते तोकडे होते. घरी आल्यावर ग्रंथ उघडून बसलो, तेव्हा जे अधिक सुचले ते येथे मांडतो.

दूत शब्दाचा अर्थ

यास्काचार्यांनी निरुक्तात 'दूत' या शब्दाच्या तीन व्युत्पत्ती सुचविल्या आहेत. पहिली वेगवाचक धातूपासून, दुसरी धावणे या अर्थाच्या धातूपासून आणि तिसरी वारण करणे, म्हणजे निवारणे, या अर्थाच्या धातूपासून. भाषांतर करणाऱ्या माणसास अशा ठिकाणी थांबावे लागते. पहिल्या दोन अर्थी दूत म्हणजे केवळ जलद जाणारा निरोप्या ठरतो. तिसऱ्या अर्थी तो अनर्थाचे निवारण करणारा ठरतो. ऋग्वेदात अग्नीला दूत म्हटले आहे, कारण तो मनुष्याचे हवी देवांकडे पोहोचवितो आणि देवांना मनुष्याकडे आणतो. दोहोंच्या मध्ये उभा राहून जो स्वतः जळतो आणि दोहोंना जोडतो, तो दूत.

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याला कार्याचे सर्व अधिकार दिलेले असतात तो निसृष्टार्थ. ज्याला ठराविक मर्यादेपर्यंतच बोलता येते तो परिमितार्थ. आणि जो केवळ लेख पोहोचवितो तो शासनहर. दूत हा राजाचे मुख आहे, म्हणून शस्त्र उगारले गेले तरी त्याने सांगावयाचे ते सांगावे आणि ऐकणाऱ्याने त्याला मारू नये, हा दंडकही तेथे आहे. रामायणात रावणाने हनुमंताच्या वधाची आज्ञा केली तेव्हा बिभीषणाने याच नियमाची आठवण करून दिली होती.

महाभारताच्या उद्योगपर्वात हे तीनही प्रकार दिसतात असे मला वाटते. संजयाला राज्य देण्याचा अधिकार नव्हता, तो परिमितार्थ. श्रीकृष्णांना पांडवांनी सर्व काही सोपविले होते, ते निसृष्टार्थ. आणि युद्धाच्या अगदी तोंडावर दुर्योधनाचे उर्मट शब्द घेऊन आलेला शकुनिपुत्र उलूक हा शासनहर. तिघेही रिकाम्या हातांनी परतले, पण तिघांच्या परतण्याची रीत वेगवेगळी आहे. आपल्याला शिकावयाचे ते तेथेच आहे.

संजयाचे परतणे

संजय उपप्लव्य नगरास पांडवांकडे आला तो अवघड निरोप घेऊन. धृतराष्ट्राला शांतता हवी होती, मात्र राज्य द्यावयाचे नव्हते. संजयाने युधिष्ठिराला युद्धाचे दोष सांगितले, राज्य मिळाले नाही तरी चालेल पण कुलक्षय नको, असेही सुचविले. युधिष्ठिराने व श्रीकृष्णांनी त्याला उत्तर दिले. बोलणे संपले. निघताना संजयाने युधिष्ठिराला जे विचारले त्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मनाच्या ओढीने बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून काही लागेल असे तर गेले नाही ना, अशा आशयाचा त्याचा प्रश्न आहे. दूताने निघण्यापूर्वी स्वतःची वाणी तपासून पाहिली.

युधिष्ठिराचे वर्तनही तसेच आहे. तू आम्हांस प्रिय आहेस, तुझ्या बोलण्यात कटुता नव्हती, असे म्हणून त्याने संजयाला निरोप दिला आणि त्याच्याबरोबर हस्तिनापुरातील सर्वांना कुशल कळविले. त्यात भीष्म, द्रोण, कृप आहेतच; शिवाय घरातील वृद्ध स्त्रिया, सुना, मुली, दासी, आंधळे, पांगळे यांचाही नामनिर्देश आहे. ज्या घराशी उद्या युद्ध होणार, त्या घरातील दासीचेही कुशल तो विचारतो. राजांचा संबंध तुटण्याच्या मार्गावर आहे, पण माणसांचा संबंध तो तुटू देत नाही.

पुढे संजय रात्री हस्तिनापुरास पोहोचला. धृतराष्ट्राला तो भेटला, त्याच्या वागण्यातील दोष त्याला तोंडावर सांगितले, आणि रथाच्या प्रवासाने थकलो असल्याने निजावयास जातो, युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सर्वांसमक्ष सांगेन, असे म्हणून निघून गेला. मालकाला एकांतात गोड वाटेल असे काही सांगून त्याने निरोपाची धार कमी केली नाही. दूताचे दुसरे कर्तव्य हे की, परतल्यावर जसे घडले तसे आणि ज्यांना कळावयास हवे त्या सर्वांसमोर सांगणे.

श्रीकृष्णांचे प्रस्थान

कार्तिक मासात श्रीकृष्ण हस्तिनापुरास गेले. दुर्योधनाने भोजनाचे आमंत्रण दिले ते त्यांनी स्वीकारले नाही. दुसऱ्याचे अन्न प्रीतीने खावे किंवा आपत्तीत खावे. येथे प्रीतीही नाही आणि आपत्तीही नाही. शिवाय दूत कार्य साधल्यावर भोजन करतो, असे त्यांचे उत्तर होते. ते विदुराच्या घरी जेवले. रात्री विदुराने म्हटले की, या दुष्टांच्या सभेत आपण आलात हेच मला योग्य वाटत नाही. त्यावर भगवंतांनी जे सांगितले त्यात कर्मयोगाचे सारे बीज आहे. धर्मकार्यासाठी शक्तीप्रमाणे झटूनही ते साधले नाही, तरी झटणाऱ्याला त्याचे पुण्य लाभतेच. आणि समर्थ असून कृष्णाने निवारण केले नाही, असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून मी आलो आहे, असा त्या उत्तराचा भाव आहे. येथे यास्काचार्यांचा तिसरा अर्थ आठवावा. दूत निवारणासाठी जातो. निवारण होईल अशी खात्री असल्यामुळे जातो असे नव्हे.

सभेत काय झाले ते सर्वश्रुत आहे. दुर्योधनाने सुईच्या टोकाएवढीही भूमी देण्याचे नाकारले. तो सभा सोडून गेला आणि दूताला बांधून ठेवण्याचा बेत करू लागला. सात्यकीने तो बेत ओळखला. भगवंतांनी आपले ऐश्वर्य दाखविले आणि ते निघाले. परंतु ते रागाने ताडकन उठून गेले नाहीत. धृतराष्ट्राने आपला मुलावर अधिकार चालत नाही असे पुन्हा सांगितले तेव्हा त्यांनी भीष्म, द्रोण आदी सर्वांना उद्देशून, येथे जे घडले ते आपण प्रत्यक्ष पाहिले आहे, असे म्हटले, सर्वांची अनुज्ञा घेतली आणि मग रथ हाकला. त्यानंतरही ते थेट गेले नाहीत. आत्या कुंतीला भेटले, तिचा मुलांसाठी निरोप घेतला. नगराबाहेर कर्णाला रथात घेऊन एकांतात त्याच्याशी बोलले आणि कुलक्षय टाळण्याचा अखेरचा यत्न केला. सभेचे दार बंद झाले तरी एका माणसाच्या मनाचे दार त्यांनी ठोठावून पाहिले.

उलूकाचे येणे याच्या अगदी उलट आहे. त्याने आणलेले शब्द केवळ डिवचण्यासाठी होते. पांडवांचा संताप झाला. तरीही त्याला कोणी हात लावला नाही. ज्याचा निरोप विषारी आहे अशा दूतालाही सुखरूप परत जाऊ देणे हा ऐकणाऱ्याचा धर्म आहे.

इतिहासातील प्रसंग: इ.स. १८०३

पुराणकाळ सोडून आता आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाकडे येऊ. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी वसई येथे इंग्रजांशी तह करून कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हा तह मानवला नाही. शिंद्यांच्या छावणीत त्या वेळी कंपनीचा रेसिडेंट कर्नल जॉन कॉलिन्स हा होता. हा कॉलिन्स जयपूरकरांना नवा नव्हता. जानेवारी १७९९ मध्ये काशी येथे कंपनीचा प्रतिनिधी चेरी याला अयोध्येचा पदच्युत नवाब वजीर अली याने ठार मारले. वजीर अली पुढे जयपूर राज्यात आश्रयास आला. तेव्हा महाराजा सवाई प्रतापसिंह यांच्याशी बोलणी करून, जिवास धोका होणार नाही आणि बेड्या घातल्या जाणार नाहीत या अटींवर त्याला ताब्यात घेणारा अधिकारी हाच कॉलिन्स होय.

मे १८०३ च्या अखेरीस कॉलिन्सने शिंद्यांकडे स्पष्ट उत्तर मागितले. भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की शांतता ते कळवू, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे दोन्ही सरदारांची भेट झाली, दोन्ही फौजा अजिंठ्याच्या घाटाच्या बाजूस निजामाच्या सरहद्दीजवळ राहिल्या आणि उत्तर लांबत गेले. इकडे जून १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने आपला धाकटा भाऊ जनरल आर्थर वेलस्ली याला युद्ध व तह यांचे पूर्ण अधिकार दिले होते. फौजा मागे घ्या, असे इंग्रजांचे म्हणणे. तुम्हीही तुमच्या फौजा तुमच्या ठिकाणी न्या, म्हणजे आम्ही बुऱ्हाणपुराकडे सरकू, असे शिंदे-भोसल्यांचे म्हणणे. कॉलिन्स निघण्याची भाषा करी, त्याला थांबविले जाई, पुन्हा बोलणी होत. अखेर ३ ऑगस्ट १८०३ रोजी त्याने छावणी सोडली. ही वार्ता ६ ऑगस्टला आर्थर वेलस्लीला कळताच त्याने युद्ध पुकारले. ८ ऑगस्टला नगरची पेठ पडली, १२ ऑगस्टला नगरचा किल्ला हाती गेला. दूत निघाल्यापासून पहिला हल्ला होईपर्यंत पाच दिवस गेले.

हा प्रसंग निःपक्षपातीपणे पाहिला पाहिजे. शिंद्यांच्या बाजूचा दोष हा की त्यांनी दूताला उत्तर न देता झुलवत ठेवले. निर्णय न करता काढलेले दिवस शांततेचे दिवस नसतात. कंपनीच्या बाजूचा दोष अधिक खोल आहे. तिचा दूत छावणीत बोलत होता तेव्हा तिची फौज सज्ज होऊन त्याच्या निघण्याची वाट पाहत होती. त्याचे राहणे हे घड्याळ होते आणि त्याचे निघणे ही घंटा. निवारण करणारा दूत आणि मुहूर्त सांगणारा दूत बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही समोर बसून बोलतात, दोघेही शेवटी उठतात. भेद आहे तो हेतूचा. गीतेने कर्माची परीक्षा कर्त्याच्या अंतःकरणावरून करावयास शिकविले आहे ते याचसाठी.

परंतु या प्रसंगात दोन गोष्टी स्मरणीय आहेत. पहिली, युद्ध समोर दिसत असतानाही शिंद्यांच्या छावणीतून कॉलिन्सला सुखरूप जाऊ दिले गेले. दुसरी, तो औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पोहोचल्यावर ऑगस्टच्या अखेरीस त्याची आर्थर वेलस्लीशी भेट झाली, तेव्हा त्याने एक अप्रिय सत्य सांगितले. मराठ्यांच्या घोडदळाचे भय बाळगण्याचे कारण नाही, पण त्यांचे पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही चकित व्हाल, असे त्याचे म्हणणे होते. तरुण अधिकाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले असे म्हणतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात त्याचे म्हणणे खरे ठरले. वेलस्लीची लढाई जिंकली गेली, पण त्याचे पंधराशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. पुढे आडगाव, गाविलगड, देवगावचा तह आणि ३० डिसेंबरचा सुर्जी-अंजनगावचा तह अशी ती कथा त्याच वर्षात संपते. ज्या छावणीत तो वैरी ठरला होता, तिचे बळ त्याने आपल्या लोकांत कमी करून सांगितले नाही. हेतूचे न्यायनिवाडे काही असोत, परतलेल्या दूताचे हे सत्यकथन संजयाच्या मार्गावरचे आहे.

मर्यादा मोडल्याचीही उदाहरणे आहेत. १८०५ च्या आरंभी याच शिंद्यांच्या छावणीत कंपनीचा प्रतिनिधी रिचर्ड जेन्किन्स होता. त्याचा तळ पेंढाऱ्यांनी लुटला आणि त्याला अनेक महिने निघू दिले गेले नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्यात रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा संगमावरील निवास सोडून खडकीच्या तळाकडे निघून गेला, आणि त्यामागे तो निवास त्याच्या ग्रंथसंग्रहासह जाळण्यात आला. निवास जाळून पेशवाई वाचली नाही. त्याच दिवशी खडकीच्या लढाईत जरीपटका सांभाळणारे मोरोपंत दीक्षित पडले. इंग्रजांच्या बाजूच्या कॅप्टन फोर्डशी त्यांचा जुना स्नेह होता. ज्या सैन्यात मित्र उभा होता, त्याच सैन्याच्या माऱ्यात ते पडले. त्यांनी स्नेहासाठी कर्तव्य सोडले नाही. अर्जुनाचा प्रश्न इतिहासात असा पुनःपुन्हा उभा राहतो.

आजच्या राष्ट्रांचा नियम

आपल्या पूर्वजांनी जी मर्यादा धर्म म्हणून सांगितली तीच आज राष्ट्रांनी लिखित स्वरूपात मान्य केली आहे. १९६१ साली व्हिएन्ना येथे राजनैतिक संबंधांविषयी जो करार झाला त्यात राजदूताची व्यक्ती अभंग मानली आहे. युद्ध जुंपले तरी त्याला शक्य तितक्या लवकर देशाबाहेर जाण्याची सोय करून देणे यजमान राष्ट्रावर बंधनकारक आहे. संबंध तुटले तरी त्याच्या मागे राहिलेली वास्तू, मालमत्ता व कागदपत्रे जपावयाची आहेत, आणि ती जपण्याचे काम एखाद्या तिसऱ्या राष्ट्राकडे सोपविता येते.

आपल्या देशानेही हे अनुभवले आहे. ६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशाला मान्यता दिली आणि पाकिस्तानने त्याच दिवशी भारताशी राजनैतिक संबंध तोडले. पुढे दोन्ही देशांच्या हितसंबंधांची काळजी स्वित्झर्लंडने वाहिली. २ जुलै १९७२ रोजी सिमला येथे करार झाला. तरी राजदूत पुन्हा एकमेकांच्या राजधानीत येण्यास १९७६ साल उजाडले. साडेचार वर्षे दोन्ही घरांना दूत नव्हता, पण घरांच्या किल्ल्या कोणीतरी सांभाळीत होता. दूत गेला तरी घर जाळावयाचे नाही, कारण कधीतरी त्याला परत यावयाचे आहे, हे या नियमाचे मर्म आहे.

गीतेचा निकष

अठराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक कर्त्याचे लक्षण सांगितले आहे. तो आसक्तीतून सुटलेला असतो, 'मी केले' असे म्हणत नाही, त्याच्या ठायी धैर्य आणि उत्साह असतो, आणि कार्य साधो वा न साधो, त्याच्यात विकार उत्पन्न होत नाही. हे लक्षण दूताला लावून पाहावे. आसक्तीमुळे दूत एका पक्षाचा होतो. अहंकारामुळे शिष्टाई फसली की तो आपला अपमान मोजीत बसतो. धैर्य नसेल तर तो लवकर उठतो; उत्साह नसेल तर बसूनही काही करीत नाही. आणि असिद्धीने विकार झाला तर परतल्यावर तो निरोपात आपला राग मिसळतो.

सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे चारही गुण एकाच वाक्यात आणणे हे तप आहे. संजयाने निघताना आपली वाणी तपासली ती याच तपाची कसोटी. केवळ प्रिय बोलणारा दूत दोन्ही पक्षांना फसवितो. केवळ सत्य बोलणारा दूत कधीकधी आगीत तेल ओततो.

मग उठावे केव्हा? उद्योगपर्वावरून मला असे दिसते की, तीन गोष्टी घडल्यावर दूताने उठावे. आपल्याला सांगावयाचे होते ते सर्व सांगून झाले आहे. समोरच्याने ते ऐकून नाकारले आहे. आणि आपले बसणे आता निवारणाला उपयोगी नसून केवळ कालहरणाला किंवा कपटाला उपयोगी पडत आहे. यांपैकी एकही गोष्ट उरली असेल तर अपमान होऊनही बसावे. तिन्ही घडल्या असतील तर मोह धरून बसू नये. अपमान हे उठण्याचे कारण नव्हे. कार्य संपणे हे कारण आहे.

आणि उठल्यावर काय? निघताना निरोप घ्यावा. घडले ते जसेच्या तसे सांगावे. ज्याने जे विश्वासाने सोपविले ते त्याला परत द्यावे. घरातील इतरांचे कुशल विचारणे सोडू नये. आणि एकांतात एखाद्याचे मन वळविता येत असेल तर तो यत्न करावा. दूतपण संपते, आप्तपण संपत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर

हे सर्व मी त्या जयपूरच्या सज्जनांना पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले ते असे. उठण्याच्या दिवशी आपण अपमानामुळे उठलो हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. थोरल्याने धाकट्यासाठी सांगितलेली शेवटची एक गोष्ट, जुन्या लेथ यंत्राविषयीची, रागाच्या भरात त्यांनी धाकट्याला सांगितलीच नव्हती. ती थोरल्याच्याच शब्दांत कागदावर लिहून त्यांनी धाकट्याला वाचून दाखविली. धाकट्याचे उत्तर तसेच लिहून घेऊन थोरल्याला दाखविले. दोघांनी विश्वासाने दिलेले हिशेबाचे कागद ज्याचे त्याला परत केले. मग दोघांनाही सांगितले, "आता निरोप नेण्याचे काम माझे नाही. पण मी तुमचा काका आहे, आणि दोन्ही घरी येत राहीन."

दावा अजून चालू आहे. लेथ कोणाकडे जावा हे न्यायालय ठरवील. परंतु विश्वकर्मापूजेच्या दिवशी ते सकाळी एका पुतण्याच्या यंत्रांना आणि दुपारी दुसऱ्याच्या यंत्रांना हळदकुंकू वाहून आले, आणि थोरल्याच्या पत्नीने धाकट्याच्या मुलांसाठी त्यांच्याजवळ प्रसादाची पुडी दिली, एवढे त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे. पत्रात याहून अधिक काही नाही. युधिष्ठिराने शत्रूच्या घरातील दासीचेही कुशल विचारले होते, त्याची मला ते वाचताना आठवण झाली.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांना राजदूत व्हावे लागते. पण दोन भावांमध्ये, सासू-सुनेमध्ये, भागीदारांमध्ये, शेजाऱ्यांमध्ये निरोप नेण्याचा प्रसंग बहुतेक गृहस्थांवर येतो. तेव्हा ध्यानात ठेवावे की गीतेचा शेवटचा श्लोक म्हणजेही एका परतलेल्या दूताने आपल्या धन्याला केलेले निवेदन आहे. विजय कोठे आहे हे संजय आंधळ्या राजाला स्पष्ट सांगतो, आणि तो त्याच्या मुलांच्या बाजूस नाही हेही त्यात येते. धन्याला नको असलेले सत्य द्वेष न करता, भय न बाळगता सांगून तो थांबतो.

मननासाठी

१. उद्योगपर्वातील संजयाचे व श्रीकृष्णांचे प्रस्थान एकापाठोपाठ वाचावे आणि दोघांच्या शेवटच्या बोलण्यातील साम्य शोधावे.

२. अठराव्या अध्यायातील सात्त्विक, राजस व तामस कर्त्याची लक्षणे संजय, श्रीकृष्ण व उलूक यांना लावून पाहावीत.

३. आपण नेलेला एखादा निरोप आठवावा. त्यात आपला किती भाग मिसळला होता, आणि जो सांगावयाचा राहिला असेल तो आजही सांगता येईल काय, याचा शांतपणे विचार करावा.